गोल टाकी आणि चौकोनी जाळी

कॉम्प्युटरला गोल कळत नाही.

हसू नका, अगदी शब्दशः खरं आहे हे. स्क्रीनवर तुम्हाला जे गरगरीत वर्तुळ दिसतं ते पुष्कळ बाजूंचा एक बहुभुज असतो, बाजू इतक्या बारीक की डोळा फसतो. चित्र काढण्यापुरतं यानं काही बिघडत नाही. पण त्याच वर्तुळात तुम्ही तीन लाख लिटर पाणी भरायला निघालात, की मग बिघडायला लागतं... आणि गंमत म्हणजे जिथे बिघडतंय तिथे कॉम्प्युटर बोंब मारेलच असं नाही.

या वीकेंडचं पुराण त्यावर आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण आयटीवाल्यांनीही शेवटपर्यंत वाचा. मी स्वतः कोड लिहिणाराच आहे. फरक इतकाच, की माझा कोड इमारती, पूल, टाक्या यांच्या मॉडेलची 'मेश' तपासतो. मेश म्हणजे जाळी. टाकीची भिंत अखंड असते, पण अखंड गोष्टीचं गणित कॉम्प्युटरला झेपत नाही. म्हणून तिचे चौकोनी-त्रिकोणी तुकडे पाडायचे. तुकडा म्हणजे एलिमेंट आणि त्याचा कोपरा म्हणजे नोड. कॉम्प्युटर खरं गणित करतो ते फक्त नोडवर. दोन नोडच्या मध्ये काय होतंय याचा तो साधासा अंदाज बांधतो. दोन खांबांच्या मधली तार सरळच आहे असं धरून चाललो, तसं. खांब जवळजवळ असले तर चालून जातं. लांब असले तर तारेचा झोळ दिसतच नाही.

हे तंत्र म्हणजे फायनाइट एलिमेंट मेथड. गणितज्ञ रिचर्ड कूरांटनी त्रिकोणी तुकड्यांची कल्पना १९४३ मध्ये मांडली, विमानाच्या पंखांचा हिशोब करताना १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी ती इंजिनिअरांच्या हातात दिली आणि 'फायनाइट एलिमेंट' हे नाव क्लफनी १९६० मध्ये ठेवलं. आज कुठलीही जरा मोठी टाकी याच पद्धतीने डिझाइन होते.

आता टाकी कुठली, ते सांगतो.

कडाव माझं आजोळ. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं गाव, दिगंबर सिद्धिविनायकाच्या देवळामुळे पुष्कळांना माहीत असेल. इकडे पाण्याची मोठी विचित्र तऱ्हा आहे. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस. घाटावरून टाटांच्या भिवपुरी वीजघरात पडलेलं पाणी वीज करून झाल्यावर पेज नदीला मिळतं, त्यामुळे नदीकाठची आणि राजनाल्याच्या कालव्याखालची गावं उन्हाळ्यातही भात घेतात. शेजारच्या खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण तर थेट नवी मुंबईची तहान भागवतं. आणि त्याच कर्जत तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर एप्रिल-मे मध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन दगडधोंडे तुडवत असतात. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं आणि अशा वाड्यावस्त्यांसाठी नळ, पाइप आणि टाक्या यांची कामं निघाली.

अशाच एका टाकीचं मॉडेल माझ्या मामेभावाच्या लॅपटॉपवर होतं. पठ्ठ्या सिव्हिल होऊन एका डिझाइन ऑफिसात नुकताच लागलाय. मॉडेल ऑफिसात आधीच कोणीतरी बनवून ठेवलेलं, याच्या अंगावर आलेलं.

"दादा, तुझ्याच लाइनीतलं आहे बघ. वॉर्निंगांची ही मोठी लिस्ट येतेय. तेवढ्या घालवून दे ना."

"घालवायच्या की दुरुस्त करायच्या?"

"दोन्हीत फरक असतो?"

असतो! आणि तोच या लेखाचा विषय आहे.

आधी टाकीची मापं सांगतो, म्हणजे पुढचे आकडे पडताळून बघता येतील. व्यास १० मीटर, म्हणजे त्रिज्या ५. पाण्याची उंची ४ मीटर. काँक्रीटची भिंत २० सेंटिमीटर जाड. खाली आठ कॉलम. पाणी किती? ३.१४ × ५ × ५ × ४, म्हणजे ३१४ घनमीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, तेव्हा ३१४ टन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

गोलाला किती बाजू?

मॉडेलमध्ये भिंतीचे गोलात ३६ भाग केले होते. बरे होते. समजा कोणी आळस करून १२ च केले असते तर? बारा बाजूंच्या नियमित बहुभुजाचं क्षेत्रफळ बरोब्बर त्रिज्येच्या वर्गाच्या तिप्पट असतं. म्हणजे ७५ चौरस मीटर, गुणिले ४ मीटर, म्हणजे ३०० घनमीटर. ३१४ मधले १४ टन पाणी चक्क गायब! बहुभुजाची बाजू खऱ्या गोलापासून मधोमध १७ सेंटिमीटर आत येते. भिंतच २० सेंटिमीटरची आहे, म्हणजे जवळपास भिंतीच्या जाडीइतकी चूक. ३६ भाग केले की हेच अंतर १९ मिलिमीटरवर येतं आणि पाणी साधारण दीड टन कमी भरतं. ४८ केले तर ११ मिलिमीटर, आणि एक टनाच्या आतबाहेर.

मग एकदम ३६० करून टाकावेत का? तसं नाही. तुकडे वाढले की दुसरीकडे दुखायला लागतं, ते येतंच पुढे. मी त्याला ४८ सुचवले, आणि त्याचं कारण अगदी शाळकरी आहे. ४८ ला ४, ६, ८, १२ सगळ्यांनी भाग जातो. कॉलम आठ असोत की सहा, प्रत्येक कॉलम बरोबर एखाद्या नोडखालीच येतो. कॉलम दोन नोडच्या मध्ये आला, की तो जोडायला वेडेवाकडे त्रिकोण घुसडावे लागतात, आणि निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

पहिलं दुखणं: भिंत आणि स्लॅब यांची ओळखच नाही

मॉडेलमध्ये भिंतीचे ३६ भाग आणि तळाच्या स्लॅबच्या कडेचे ४०. दोन्ही वेगवेगळ्या वेळी काढलेले असणार. चित्रात भिंत स्लॅबवर छान बसलेली दिसते. पण कॉम्प्युटर चित्र बघत नाही, तो नोड बघतो. ३६ आणि ४० यांचा मसावि ४, म्हणजे सबंध परिघावर फक्त चार ठिकाणी दोन्ही नोड एका जागी येतात. उरलेली सगळी भिंत स्लॅबच्या वर हवेत! टेबलाचे चार पाय टेकावेत तशी ही टाकी चार टोकांवर उभी होती.

हे पकडायचा सोपा उपाय म्हणजे टाकीचा वाकलेला आकार शंभरपट फुगवून बघायचा. भिंत चार जागा सोडून बाकी सगळीकडे स्लॅबपासून सुटलेली लगेच दिसली. मामेभाऊ म्हणाला, "आयला, हिच्यात पाणी राहील कसं?" कॉम्प्युटरला पाणी गळताना दिसत नाही, त्याला फक्त दाब कळतो, हे त्याला तिथल्या तिथे पटलं.

इलाज: दोन्हीकडे भाग तेवढेच ठेवायचे आणि एकावर एक आलेले दुहेरी नोड एक करून टाकायचे. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कमांड असते. फक्त किती अंतरावरचे नोड एक समजायचे तो आकडा बघून द्या. मोठा दिलात तर जे एकत्र व्हायला नकोत तेही चिकटतात.

त्याच फेरीत आणखी एक बघून घ्यायचं. प्रत्येक तुकड्याला एक आतली आणि एक बाहेरची बाजू असते आणि ती नोडच्या क्रमावरून ठरते. काही तुकड्यांचा क्रम उलटा पडला, तर अर्ध्या भिंतीला पाणी बाहेर ढकलतं आणि अर्ध्या भिंतीला आत. अशा वेळी एकही वॉर्निंग येत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या मते तुम्ही जे सांगितलं तेच त्याने केलं.

दुसरं दुखणं: पिझ्झाचे तुकडे

वॉर्निंगांची ती मोठी लिस्ट मात्र इथली होती. तळाचा गोल स्लॅब पिझ्झासारखा कापलेला, सगळ्या रेषा मध्यबिंदूत मिळतात. ३६ भाग म्हणजे मधल्या प्रत्येक त्रिकोणाचा टोकाचा कोन १० अंश. सुईसारखे त्रिकोण. सॉफ्टवेअर कुरकुरतं ते बरोबरच आहे, असे निमुळते तुकडे स्लॅबचं वाकणं नीट पकडत नाहीत. आणि आता गंमत बघा. कडेची गोलाई सुधारावी म्हणून ३६ चे ७२ करायला जाल, तर मधला कोन ५ अंशांवर येतो. म्हणजे कड सुधारली की मध्य बिघडतो. मघाशी म्हटलं ना, दुसरीकडे दुखायला लागतं, ते हे.

ऑटोमेशचं बटण दाबून बघितलं. त्याने मध्य ठीक केला, पण कडेला कुठेतरी दोन-चार चिंध्या काढून ठेवल्या. शिवाय कडेचे नोड पुन्हा हलले, म्हणजे पहिलं दुखणं परत.

एवढ्यात स्वयंपाकघरात खुंटीवर टांगलेली मामीची रोवळी दिसली. तांदूळ धुवायची, बांबूची. मी ती काढून आणली आणि उपडी करून त्याच्यापुढे ठेवली.

"हिचं तोंड कसं आहे?"

"गोल."

"आणि बूड?"

"...चौकोनी!"

तेच तर! बुरूड रोवळी विणायला घेतो तेव्हा मध्यबिंदूतून सगळ्या पट्ट्या बाहेर काढत बसत नाही. आधी आडव्या-उभ्या पट्ट्यांची चटईसारखी चौकोनी वीण घालतो, मग त्याच पट्ट्या वर वळवून भोवती गोल फेरे घेतो. गोल तोंड आणि चौकोनी बूड, आणि मध्ये कुठेच सुईसारखं टोक नाही. मेशवाले हीच वीण वापरतात आणि तिला 'ओ-ग्रिड' असं भारदस्त नाव देतात.

आपल्या टाकीत परिघाचे भाग ४८, म्हणून मधला चौकोन १२ × १२. त्याच्या चार बाजूंवर मिळून बरोबर ४८ भाग होतात, आणि प्रत्येकातून एक ओळ बाहेर परिघापर्यंत जाते. बारकावा एकच. चौकोन अगदी ताठ ठेवला तर त्याच्या चार कोपऱ्यांशी बाहेरचे तुकडे तिरके पडतात. तिथे आतला काटकोन ९० अंशांचा आणि बाहेरच्या दोन तुकड्यांच्या वाट्याला १३५-१३५. म्हणून चौकोनाच्या बाजू थोड्या बाहेर फुगवायच्या, पापडासारख्या. मग कोन बरेच सुधारतात. एवढं केल्यावर वॉर्निंगांची लिस्ट रिकामी झाली.

मामेभावाचा चेहरा खुलला. "झालं?"

नव्हतं झालं. खरं दुखणं जिथे होतं तिथे एकही वॉर्निंग आली नव्हती.

तिसरं दुखणं: सगळं हिरवं

भिंत ४ मीटर उंच. मॉडेलमध्ये तिच्या चार ओळी केल्या होत्या, एकेक मीटरच्या. एक तुकडा ८७ सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर उंच. जवळपास चौरस, कोन चारही काटकोन, सपाट. मेश तपासणारा कुठलाही प्रोग्रॅम (माझासुद्धा!) अशा तुकड्याला पैकीच्या पैकी मार्क देईल. सगळी भिंत हिरवीगार.

आता टाकीची भिंत खरोखर काय करते ते बघू. पाण्याने भिंत बाहेर ढकलली जाते आणि पिंपाच्या कड्यासारखी ताणली जाते. त्याला हूप टेन्शन म्हणतात. हिशोब एका ओळीचा आहे: दाब गुणिले त्रिज्या. तळाशी दाब चौरस मीटरला ४ टन, त्रिज्या ५, म्हणजे उंचीच्या दर मीटरला २० टन ताण. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी तिथे पाइपातून पाचशे मीटरच्या वर खाली उतरतं, म्हणजे तळाशी दाब चौरस मीटरला पाचशे टनांच्या वर. आपल्या टाकीच्या सव्वाशे पट. तेव्हा ना कॉम्प्युटर होता ना मेश, पण नळाच्या भिंतीवरच्या ताणाचा पाया हाच 'दाब गुणिले त्रिज्या' होता.

टाकीत मात्र एक मेख आहे. नळ सुखाने फुगू शकतो. टाकीची भिंत खाली स्लॅबला घट्ट बांधलेली असते. तिथे तिला बाहेर सरकताच येत नाही. म्हणून अगदी तळाशी हूप टेन्शन जवळपास नाहीसंच होतं, आणि त्याऐवजी भिंत वाकते. वर फुगायचंय आणि खाली पाय अडकलेत अशी अवस्था. हे वाकणं फार थोड्या उंचीत आटोपतं. किती थोड्या? त्रिज्या गुणिले जाडी, त्याचं वर्गमूळ. ५ × ०.२ = १, वर्गमूळ १. जो काही गोंधळ आहे तो मुख्यतः खालच्या साधारण एका मीटरमध्ये.

आकडे हवे असतील तर आयएस ३३७० च्या चौथ्या भागात, १९६७ च्या, तयार कोष्टकं आहेत. उंचीचा वर्ग भागिले व्यास आणि जाडीचा गुणाकार, म्हणजे १६ भागिले २, बरोबर ८. आठच्या ओळीत बघा. तळ पक्का धरला, तर सगळ्यात जास्त हूप टेन्शन ०.५७५ × २० म्हणजे साडेअकरा टन, आणि तेही पाण्याच्या पातळीपासून २.४ मीटर खाली. तळाशी वाकवणारा मोमेंट ०.०१४६ × ६४ म्हणजे ०.९३ टन-मीटर, भिंतीच्या दर मीटर लांबीला. तळापासून वर येताना हा मोमेंट झपाट्याने उतरतो, सुमारे अर्ध्या मीटरवर शून्य होतो आणि पुढे चिन्ह बदलतो.

आता एक मीटरचा तो हिरवा तुकडा आठवा. बऱ्याच ठिकाणी रिपोर्टमध्ये तुकड्याच्या मध्याचा मोमेंट छापलेला असतो आणि डिझाइन करणारा तोच उचलतो. मीटरभर उंच तुकड्याचा मध्य कुठे? तळापासून अर्ध्या मीटरवर. म्हणजे नेमका तिथे, जिथे खरा मोमेंटसुद्धा जवळजवळ शून्य आहे!

मामेभावाने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. "म्हणजे दादा, खाली मोमेंट आहे आणि आपण बघतोय तिथे तो नाही."

हो. आणि या मोमेंटने भिंतीची आतली बाजू ताणली जाते, पाण्याकडची. तिथे उभी सळई कमी पडली तर भेग आत पडते, तळाच्या सांध्याजवळ, जिथे पाण्याचा दाब सगळ्यात जास्त. आयएस ३३७० च्या २००९ च्या आवृत्तीने पाण्याच्या टाकीत भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलीय. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी म्हणा ना! त्याहून मोठी झाली की पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट सुटतं. अशी टाकी एका दिवसात कोसळत नाही. ती गळते. आधी तळाशी ओल, मग पांढरे ओघळ, मग कोणीतरी सांगतं की अर्धीच भरा. आणि मग मे महिन्यात वाडीवर पुन्हा टँकर. हंडे घेऊन चालणाऱ्या बाईला तुमची मेश हिरवी होती की लाल, याच्याशी काय देणंघेणं?

अर्थात सगळ्या टाक्या मेशमुळे गळतात असं मी म्हणत नाही. वाळू, पाणी, क्युरिंग, सांधे, पुष्कळ कारणं असतात. पण ती साइटवरची असतात आणि त्यासाठी तिथे माणसं राबत असतात. हे कारण एसीत बसून टाळता येतं, तेव्हा ते टाळलंच पाहिजे.

इलाज सोपा निघाला. खालून सहा ओळी १५ सेंटिमीटरच्या, त्यावर दोन ३० च्या, मग पाच अर्ध्या मीटरच्या. झाले ४ मीटर. भिंतीचे तुकडे १४४ होते ते ६२४ झाले, स्लॅब धरून हजारेक. आजच्या लॅपटॉपला हे किरकोळ आहे, चहा ओतेपर्यंत उत्तर येतं. तुकडे आता रुंदीला ६५ आणि उंचीला १५ सेंटिमीटर, म्हणजे प्रमाण चारास एकच्या थोडं वर. काही प्रोग्रॅम यावर नाक मुरडतील. मुरडू देत! पाण्याचा दाब गोलात सगळीकडे सारखाच आहे, आडव्या दिशेने फारसं काही बदलत नाही. जे बदलतंय ते उभ्या दिशेने, आणि तिथे तुकडे बारीक आहेत. चौरस पण मोठ्या तुकड्यापेक्षा लांबट पण योग्य जागी बारीक असलेला तुकडा इथे कितीतरी जास्त खरं बोलतो. आणि मध्याचा आकडा आताही घ्यायचा नाही, तळाच्या नोडचा घ्यायचा. पंधरा सेंटिमीटरच्या तुकड्याचा मध्यसुद्धा तळापासून साडेसात सेंटिमीटर वर असतो, आणि तेवढ्यात मोमेंट पाचव्या हिश्शाने उतरलेला असतो.

हिरवं म्हणजे काय?

या चुकीची किंमत किती असू शकते याचं जगप्रसिद्ध उदाहरण नॉर्वेतलं आहे. समुद्रातल्या तेलविहिरीसाठी 'स्लाइपनर ए' नावाचा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म बांधला जात होता. त्याचा पाया म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या २४ पोकळ कोठ्या, बहुतेक गोल. गोल कोठ्या चिकटल्या की मध्ये तिकोनी पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांच्या भिंतींची मेश ढोबळ आणि तिरकी पडली होती. तिथला शिअर ४७ टक्क्यांनी कमी आला, म्हणून काँक्रीट आणि सळई दोन्ही तोकडे ठेवले गेले. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हान्गरजवळच्या फ्योर्डमध्ये तो चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत असताना एका पोकळीची भिंत फुटली आणि सबंध सांगाडा तळाला गेला. तळावर आपटल्याचा धक्का भूकंपमापकावर ३ रिश्टरचा नोंदला गेला. जीवितहानी झाली नाही हे नशीब. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. नंतर बारीक मेशने पुन्हा हिशोब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटली ६५ मीटरवर. म्हणजे तंत्र अगदी बरोबर होतं, फक्त जाळी चुकीच्या जागी विरळ होती.

मेश तपासणारा प्रोग्रॅम काय तपासतो? तुकड्याचा आकार. लांबी-रुंदीचं प्रमाण, कोन, पीळ. शाळेत गणवेश तपासतात तसं. बटणं लावलीत, नखं कापलीत, शाबास. पण गणित येतं का, हे त्यातून कळत नाही. तुकडा योग्य जागी आहे का, तिथे उत्तर किती वेगाने बदलतंय, हे त्याला माहीतच नसतं, कारण टाकी म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं. हे मी असा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस म्हणून सांगतोय. आपल्या आयटीतही वेगळं काय असतं? युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या, कव्हरेज नव्वदच्या वर, आणि शुक्रवारी रात्री प्रॉडक्शनला बोंब. जे तपासलं ते बरोबर होतं, जिथे दुखत होतं तिथे कोणी बघितलंच नव्हतं.

म्हणून मामेभावाला एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. कुठल्याही गोल टाकीला चालतील.

एक, वजन जुळव. टाकीत फक्त पाणी भर आणि खालच्या सगळ्या प्रतिक्रियांची बेरीज कर. ३१४ टनांच्या जवळ यायला हवी. ४८ बाजूंना ३१३ च्या थोडं वर येईल, ते ठीक. तीनशे आली तर पाणी कुठे गेलं ते शोध.

दोन, तळ पूर्ण पक्का धरून एकदा चालव आणि कोष्टकाशी ताडून बघ. साडेअकरा टन आणि ०.९३ टन-मीटर. हे जुळलं, की मग खरा स्लॅब आणि कॉलम जोड. स्लॅबही थोडा वाकतो, त्यामुळे आकडे बदलतील, पण का बदलले ते तुला सांगता येईल.

तीन, सगळे तुकडे निम्मे करून पुन्हा चालव. उत्तर फारसं हललं नाही तर मेश पुरेशी आहे. हललं तर अजून बारीक कर. अपवाद फक्त कॉलमच्या डोक्यासारख्या टोकाच्या जागांचा. कॉलम एका बिंदूवर टेकवला असेल, तर तिथला आकडा जितकं बारीक कराल तितका वाढतच जातो. तो आकडा खरा नसतो. तिथे कॉलमच्या तोंडाशी, म्हणजे त्याच्या कडेला, काय येतंय ते वाचायचं.

त्याने तिन्ही करून बघितल्या. वजन जुळलं. हूप जुळला. तळाचा मोमेंट, जो आधीच्या रिपोर्टमध्ये नावालाही नव्हता, तो आता कोष्टकातल्या आकड्याला येऊन टेकला. आतल्या बाजूच्या उभ्या सळया वाढल्या. सबंध टाकीच्या खर्चात ते काही फार नाही, पण ऑफिसात साहेबांना समजावून सांगावं लागणार होतं.

"काय सांगू त्यांना? मॉडेल तर आधी पास होतं म्हणतील."

"कोष्टक दाखव. १९६७ चं आहे म्हणावं, मी काही नवीन बोलत नाहीये."

एवढ्यात मामीने रोवळी परत मागितली, तांदूळ धुवायचे होते.

राहता राहिला भूकंप. वर लिहिलं ते सगळं स्थिर पाण्याचं. पाणी हलायला लागलं की खालचं पाणी भिंतीबरोबर जातं आणि वरचं डचमळतं, आणि दोघांचा हिशोब वेगवेगळा करावा लागतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात चोबारी गावातली २ लाख ६५ हजार लिटरची उंच टाकी कोसळली होती, आणि आपल्याकडे टाक्यांच्या भूकंपाच्या हिशोबाचा वेगळा भाग, आयएस १८९३ भाग २, आला तो २०१४ मध्ये. मामेभावाचं पुढचं काम तेच आहे. तो येत्या शनिवारी फोन करणार आहे, तेव्हा त्यावर पुढे कधीतरी.